पुलाजवळची पावली

सप्ताहाचा काला खाऊन निघालेल्या माणसाचे पाय जमिनीवर असतात, पण पुरते नसतात. वारलूचे तसेच झाले होते. आठवडाभर गडचिरोलीकडच्या एका गावात कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहून तो टाळ वाजवत होता, पावली खेळत होता, जागत होता. आता भर दुपारी टाळकरी मंडळी घेऊन, स्वतःच जीप चालवत, वैनगंगेच्या पुलावरून सावली गावाकडे परतत होता. डोळे लाल, घसा बसलेला आणि चेहऱ्यावर उगाचच हसू. नाकाबंदीला याहून जास्त काय लागते?

"फुंका," फौजदार मोनाली मॅडम म्हणाल्या. त्या या भागात नव्याच होत्या.

वारलूने निर्धास्त फुंकले. आयुष्यात त्याने दारू हुंगली नव्हती. यंत्राने नऊ दाखवले.

मग त्याला आठवले. बसलेल्या घशासाठी बुवांनी द्राक्षासवाची बाटली दिली होती. झाकण-झाकण करत सकाळपासून तिचा तळ आला होता.

"औषध आहे मॅडम, घशाचं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आंबवलेलं राह्यते जरासं."

"सगळ्यांचं औषधच असतं."

हवालदार धनराज हळूच म्हणाला, "मॅडम, तीसपर्यंत कायदा काई म्हणत नाई. हे त नऊच आहे."

"तीसच्या आत म्हणजे शुद्धीत, असं कोणी सांगितलं? लक्षणं बघायची असतात. डोळे बघा, आवाज ऐका. आणि हा येतोय कुठून? दारूबंदीच्या जिल्ह्यातून. जिथं मिळत नाही तिथून जो नऊ घेऊन येतो, त्याला दारू उघड मिळते त्या जिल्ह्यात मोकळा सोडायचा?"

धनराजने वही उघडली.

वारलूने जीपकडे पाहिले. याच जीपमधून तो रोज गावची पोरं शाळेत पोचवायचा. दारूची केस लागली की आकडा नऊ होता की नव्वद, हे कोणती माय विचारत बसणार? ती आपलं लेकरू हात धरून खाली उतरवणार.

"या पांढऱ्या पट्टीवरून सरळ चालून दाखवा."

वारलू घाबरला की मनात नाम घ्यायचा, आणि नाम सुरू झाले की पाय त्याचे राहत नसत. दोन पावलं पुढे, गुडघ्यात जरा झुकून एक मागे. पुन्हा दोन पुढे.

"लिहा," मॅडम म्हणाल्या. "झोकांड्या खातो. पुढे जाता जाता मागे येतो."

"झोकांडी नाई होय ते, बाई," जीपमधून रंभाबाई बोलल्या. मंडळात त्या सगळ्यांत वडील. "पावली होय. टाळाबिना बिघडून राह्यली त्याची."

"पुन्हा चाला."

आता पोराची अब्रू वाचवायची म्हणून रंभाबाईंनी पिशवीतून टाळ काढले. बाकीच्यांनीही काढले. जीप घुमू लागली. वारलूचे पाय सुधारले म्हणजे अजूनच ठसक्यात मागेपुढे होऊ लागले. तो पडलाच तर सावरायला धनराज शेजारून चालत होता. तोही आपल्या गावच्या भजनातला माणूस. टाळ कानात शिरला आणि सरकारी बुटांना कळायच्या आत ते दोन पुढे, एक मागे करू लागले. पट्टी संपली तेव्हा दोघांचेही हात कमरेवर होते आणि डोळे मिटलेले.

मॅडम पट्टीच्या टोकाशी आल्या. मग यंत्र पुढे करून म्हणाल्या, "धनराज, फुंका."

शून्य. दुसऱ्यांदा फुंकायला लावले. शून्यच.

"काय लिहू मॅडम?" धनराजने खाली मान घालून विचारले. "लक्षणं त माही बी तेच आहेत."

मॅडम जीपभोवती एक फेरी मारून आल्या आणि रणरणत्या उन्हात मागचा दिवा लावून दाखवायला सांगितला. दिवा लागला नाही. त्यांचा चेहरा उजळला. दिव्याचे चलान फाडून त्यांनी वारलूच्या हातात दिले.

वारलूने ते कपाळाला लावले. "लई उपकार झाले, बाई."

"उपकार कसले? दंड केलाय तुम्हाला."

"हो ना," वारलू म्हणाला, आणि त्याचे डोळे आणखीच लाल झाले. "दिव्याचाच केला."