आबांच्या हातातलं दोरीचं टोक

दहावीच्या वार्षिक परीक्षेत मला मराठीत एकाहत्तर, इतिहासात अडुसष्ट आणि बीजगणित-भूमितीत एकोणतीस मार्क पडले. शाळेने मला वर ढकललं, पण एकोणतीस हा आकडा निगडे सरांनी भर वर्गात वाचला आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी हसलं. ते हसू मी आजही विसरलेले नाही. माझा स्वभावच तसा आहे, चांगलं पटकन विसरते आणि अपमान जपून ठेवते.

हे १९७३ सालचं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. आमच्या दौंडच्या शाळेत अकरावीच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक कागद मिळायचा. शेवटचं वर्ष बीजगणित-भूमिती घेणार की अंकगणित, तिथे खूण करायची आणि वडिलांची सही आणायची. अंकगणित सोपं होतं. ते घेतलं की मला फर्स्ट क्लास नक्की मिळणार होता आणि ऑफिसाबाहेरच्या फळ्यावर नाव लागणार होतं. फक्त पुण्याच्या कॉलेजात सायन्सचं दार कायमचं बंद होणार होतं. मला सायन्सला जायचं होतं. सातवीपासून घरात सगळ्यांना तेच सांगून मी भंडावून सोडलं होतं.

निगडे सर वाईट नव्हते. "रंभा, घाई करू नकोस, विचार करून सोमवारी दे," एवढंच ते म्हणाले. मी विचारबिचार काही केला नाही. रागाच्या भरात वर्गातच अंकगणितापुढे खूण केली आणि घरी आईला ठोकून दिलं की सरांनीच सांगितलंय. आई म्हणाली, "मास्तर म्हणत्यात तर तेच बरं." मला वाईट वाटलं. तिने थोडं तरी भांडायला हवं होतं.

शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी आबांची भाकरी घेऊन मी रुळाच्या कडेकडेने निघाले. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. त्या आठवड्यात त्यांची गँग नगरकडे जाणाऱ्या लाइनीच्या वळणावर काम करत होती. सहीचा कागद मी भाकरीच्या फडक्यातच खोचला होता.

पोचले तेव्हा काम चालूच होतं, म्हणून बाभळीखाली बसले. आबांनी एका लांब दोरीचं टोक रुळाच्या आतल्या कडेला दाबून धरलं होतं. दुसरं टोक पुढे वीस मीटरवर त्यांच्या गँगमधल्या पोपटकाकांनी धरलं होतं. दोरी ताठ होती आणि रूळ तिच्यापासून बाहेर वाकत गेला होता. वळण मोजायला आलेले रेल्वेचे साहेब बरोबर मधोमध वाकले, दोरीपासून रुळापर्यंत पट्टी लावली आणि ओरडले, "शंभर!" मग ते वहीत लिहून पुढे सरकले, आणि त्यांच्यामागे दोन्ही टोकंही सरकली.

जेवायला बसल्यावर मी विचारलं, "आबा, ते शंभर कशाचे?"

"मिलीमीटर म्हंत्यात. धा सेंटिमीटर झालं की."

"आणि त्यावरून काय काढतात?"

"त्ये साहेबाला ठावं. आमी टोक धरायचं. सतरा वर्सं झाली, टोकच धरतोय."

मी दोरीकडे बघत राहिले आणि एकदम लक्षात आलं. रूळ म्हणजे वर्तुळाचा तुकडा. दोरी म्हणजे जीवा. दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा तुकड्यांचे गुणाकार सारखे येतात. परीक्षेत ज्या प्रश्नाखाली मी कोरी जागा सोडून आले होते, तोच प्रश्न आबांनी हातात धरला होता.

फडक्यातला कागद काढला, उलटा केला आणि वर्तुळ काढलं, दोरीला बरोबर मधोमध काटकोनात छेदणारा व्यासही काढला. दोरीचे दोन तुकडे दहा-दहा मीटरचे, म्हणजे गुणाकार शंभर. इकडे दहा सेंटिमीटर, तर पलीकडचा तुकडा हजार मीटरचा. दोन्ही मिळवून अर्धे केले.

"आबा, हे वळण पुरं गोल केलं ना, तर त्याच्या मध्यापासून रूळ पाचशे मीटरवर येईल. वर पाच सेंटिमीटर."

आबांचा घास हातातच राहिला. "पाच आन् दोन पुज्यं?"

"हो."

"आगं, वळणाच्या तोंडाला पाटी हाय, तिच्यावर त्योच आकडा हाय! दर दिवाळीला मीच काळा रंग भरतो त्यात. आमी समदे म्हनायचो, वळणाला किती रूळ लागलं त्येचा आकडा आसंल."

मला हसू आलं, पण आबा हसत नव्हते. त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि कागद सुलटा केला. आबा बुद्धविहारातल्या प्रौढांच्या वर्गात फक्त सही करायला शिकले होते.

"ह्यात काय लिवलंय?"

खोटं बोलायला तोंडच उघडेना. "सरांनी सांगितलं नाही आबा. मीच सोप्यावर खूण केलीय. मला भीती वाटतेय. नापास झाले तर सगळे हसतील."

आबा वळणाकडे बघत म्हणाले, "मला वाचाया येत न्हाई. तू सांगशील तिथं सही करतो."

आबा रागावले असते तर मी हट्टाने त्या सोप्याच खुणेखाली सही घेतली असती. मी खूण खोडली, वर बीजगणित-भूमितीपुढे केली आणि कागद पुढे धरला.

सोमवारी निगडे सर खाडाखोड बघून चिडले. नवा कागद देतो म्हणून जुना बाजूला टाकताना तो उलटा झाला आणि ते थांबले. "हे कोणी सोडवून दिलं?"

"मीच सोडवलं. आबांनी टोक धरलं होतं."

त्यांना काय कळलं कोण जाणे. नवा कागद न देता त्यांनी तोच ठेवून घेतला.

ते वर्ष कसं गेलं ते सांगत बसत नाही. रोज रडले आणि रोज गणितं केली. निकालाच्या दिवशी फळ्यावर माझं नाव नव्हतं, फर्स्ट क्लास सात मार्कांनी गेला होता. गणितात अडतीस. आबा दारातच उभे होते.

"त्या आडतिसात आपलं वळण व्हतं का?"

"होतं. पाच मार्कांना."

"आन् पास व्हायला किती लागत्यात?"

"पस्तीस."

आबांनी बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि डोळे पुसत आईला हाक मारली, "आगं, पोरीला पुण्याला जायला पिशवी काढ."