सातव्या प्रकरणाचा टाइपरायटर

मित्रांनो, माझा जन्म जर्मनीतल्या कारखान्यातला, पण हयात गेली स्लोव्हेनियात. मी टाइपरायटर, आता बराच जुना. दुसऱ्या महायुद्धात, देशाचा ताबा घेतलेल्या इटालियनांच्या एका छावणीवर छापा पडला. स्थानिक छापामारांनी मला उचलले, खेचराच्या पाठीवर बांधले आणि डोंगरात नेले. तिथे त्यांचे जनरल त्सिरिल पोडगोर्निक माझे धनी झाले. मूळचे ते शाळामास्तर. बोटे गारठली तरी हुकूम स्वतःच टाइप करीत.

१९४४च्या मार्चमध्ये जर्मनांनी दरीला वेढा घातला. ओढ्यापलीकडची तुकडी माघारी बोलवावी की नाही, हे ठरवण्यात साहेबांचे दोन तास गेले. मग हुकूम टाइप करून त्यांनी विदाच्या हाती दिला. विदा वीस वर्षांची, निरोप पोचवण्याच्या कामावर होती. ती धावत गेली, पण पोचेपर्यंत वेढा आवळला होता. तुकडीतले एकोणीस जण मारले गेले, विदाही.

आठवड्याने अहवाल लिहिताना साहेबांची बोटे बराच वेळ कळांवर नुसती टेकून राहिली. मग त्यांनी लिहिले : निरोप नेणाऱ्या मुलीने वाटेत वेळ दवडला. मी ते निमूटपणे उमटवले. पुढे हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसले.

शांतता आली. साहेब निवृत्त होऊन राजधानी लुब्लियानात युद्धाचा इतिहास लिहू लागले. पुस्तके गाजली. पत्नी येल्का वारल्यावर घरात ते आणि मी उरलो. रविवारी तेवढे जुने सोबती ड्रागो बुद्धिबळ खेळायला येत.

शेवटचे पुस्तक त्या दरीचे होते. सातव्या प्रकरणापाशी साहेब अडले ते तीन हिवाळे. कागद चढवायचा, पाहत बसायचे, कोराच काढून घ्यायचा. अखेर एकदा सगळे टाइप झाले : उशीर माझा होता, तिचा नव्हता, आणि अहवालात मी खोटे लिहिले.

ड्रागोंनी वाचले. "चाळीस वर्षं झाली, त्सिरिल. कशाला उकरतोस? मेलेल्याला काय फरक पडतो?"

"तिच्या घरच्यांना पडतो."

"आणि आपल्या नावाला नाही पडत?"

त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. पुस्तक निघाले तसा फोनही मुका झाला. जुन्या सैनिकांच्या मेळाव्याचे बोलावणे बंद झाले. साहेब एकटेच जेवत, रेडिओ न लावता.

फक्त एकदा दार वाजले. विदाची धाकटी बहीण होती, खेड्यातून आलेली. साहेबांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माफ करायला नाही आले, जनरलसाहेब. नुसतं सांगायला आले. आई लोकांसमोर मान वर करून कधी चालली नाही. तिला हे ऐकायचं होतं. मागच्या वर्षी गेली."

ती गेल्यावर साहेब माझ्यासमोर बसले. त्यांनी कागद चढवला नाही. त्यानंतर कधीच नाही.

आता मी एका संग्रहालयात काचेआड आहे. मित्रांनो, मला तेल घातले नाही तरी चालेल. पण कुणाविषयी खोटे लिहून बसला असाल, तर लवकर खोडा. त्याची आई आहे तोवर.