न फुटणारी लाकडं

जुलैच्या महिन्यात एल्म वृक्ष पिवळा पडत नाही. पडलाच तर त्याचं एकच कारण असतं, आणि ते ब्रायटनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोवेनाने बापाच्या गल्लीत गाडी वळवली, अंगणातल्या दोन एल्मांपैकी डाव्याचा पिवळा शेंडा पाहिला आणि ब्रेक असा करकचून दाबला की मागचे दोर, करवती, पेट्रोलचे कॅन सगळे एकमेकांवर जाऊन आदळले. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, एमलिनने, काय झालं म्हणून विचारलं. ती तोवर खाली उतरली होती. रविवार होता, आत बापाने ओव्हनमध्ये कोकराची तंगडी भाजायला ठेवली होती. ते सगळं गेलं खड्ड्यात.

लांब दांड्याच्या कात्रीने तिने एक पिवळी डहाळी उतरवली आणि नखाने साल सोलली. आतल्या पांढऱ्या लाकडावर तपकिरी रेघा होत्या. झाडांवर चढून छाटणी आणि तोडणी करण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती, तरी ती सोललेली डहाळी तिने पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. तिच्या लहानपणी याच रोगाने इंग्लंडभरचे एल्म उभ्याउभ्या वाळवले होते. सालीखाली राहणारा तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा अंगावर बुरशी घेऊन दुसऱ्या झाडावर जातो, बुरशी झाडाचं पाणी तोडते, की संपलं. तिचा बाप लेन टॅप्सेल तेव्हा ऐन उमेदीत होता. मेलेले एल्म तोडून जाळण्यात त्याची कितीतरी वर्षं गेली, आणि शहरातले जे वाचले त्यांच्यावर त्याने पोटच्या पोरांसारखी नजर ठेवली. तेव्हापासून एल्मचं सालीसकट लाकूड शहरात आणायचं नाही हे इथल्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ. भुंगेरा तशाच लाकडातून येतो.

मग आला कुठून?

ती घराला वळसा घालून मागे गेली. छपराच्या आडोशाला, जिथे कंबर धरल्यापासून लेन फिरकतही नव्हता, तिथे येत्या हिवाळ्याची लाकडं नीट रचून ठेवली होती. तिने एक ओंडका उचलला, साल ओढली. साल सबंध निघाली आणि खाली भुंगेऱ्याच्या अळ्यांनी कोरलेली नक्षी दिसली, मधे एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना बारीक बारीक फाटे. सालीला जागोजागी टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. भुंगेरे केव्हाच उडून गेले होते. चार ढांगांवरच तर त्यांचं जेवण उभं होतं.

लाकडं कोणी आणली हे तिला विचारायची गरज नव्हती. सासऱ्याच्या शेगडीला लाकूड कमी पडू नये म्हणून फेब्रुवारीत बाहेरच्या एका शेतावरून ट्रकभर ओंडके आणणारा गुणी जावई मागेच उभा होता.

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. तो सगळा इथे सांगण्यात अर्थ नाही, शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली यावरून काय ते समजावं. डोळे कुठे ठेवले होतेस, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस, शेळ्या राखायच्या होत्या तर झाडांच्या धंद्यात आलास कशाला. तिच्या बापाने जन्म घालवून जे राखलं ते याने एका ट्रकमध्ये घालून मारलं, असं ती दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं. त्या रडण्याचाही तिला राग आला.

एमलिन वेल्सच्या डोंगरातला. वीस वर्षं त्याने सरकारी जंगलात एकाच जातीची सूचिपर्णी झाडं रांगेने पाडली होती. लग्न करून इथे आला तेव्हा रुंद पानांची झाडं त्याला सगळी सारखीच दिसायची, आणि त्याच्या गावाकडचे मोठे एल्म तो जन्मायच्या आधीच मेलेले होते. त्याने आयुष्यात एल्मला करवत लावली नव्हती. शेतकरी म्हणाला हॉर्नबीम आहे, जळणाला उत्तम असं दुसरंच झाड; त्याने हॉर्नबीम मानलं.

"म्हणे हॉर्नबीम! कुणी सांगितलं की मानायचं? मला विचारता येत नव्हतं?"

"विचारलं होतं," एमलिन म्हणाला.

"कधी?"

"फेब्रुवारीत. पबमध्ये. म्हटलं, ही लाकडं फुटत नाहीत, कुऱ्हाड आत रुतून बसते, ओढलं तर काथ्यासारखे धागे निघतात, हे कसलं लाकूड असेल? आठवतं तू काय म्हणालीस?"

तिला आठवलं. लाकूड चांगलं आहे, दंडात दम नाही, असं ती म्हणाली होती, कामावरच्या सगळ्या माणसांसमोर, आणि ती हसून हसून लोळली होती. पुढे कितीतरी दिवस कामावर कुणीही कुऱ्हाड उचलली की एमलिनला हाक मारून आधी त्याचा दंड दाबून बघायचे. फुटत नाही आणि धागे निघतात हे एल्मचं लक्षण, हे तिला झोपेत उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण तेव्हा तिने लाकडाबद्दलचं काही ऐकलंच नव्हतं. हातात आलेला टोमणा तिला सोडवला नव्हता.

"त्याआधीही विचारायचो," एमलिन म्हणाला. "पहिल्या वर्षी रोज विचारायचो. मग फोनवर पानाचा फोटो काढून त्यातच झाडाचं नाव शोधायला लागलो, तू नसताना. फेब्रुवारीत पानं नव्हती."

तिचा राग मात्र तसूभरही उतरला नाही, उलट वाढला, कारण आता तो कुणावर काढावा हेच समजेना.

नगर कौन्सिलच्या झाडखात्यातल्या माणसाला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, डावा तर गेलाच, उजव्याचं बघा. शेजारशेजारच्या एल्मांची मुळं जमिनीत एकमेकांना जोडली जातात आणि रोग त्यातून पलीकडे जातो. आधी दोघांच्या मधे चर खणून मुळं तोडा, मगच झाड उतरवा, आणि उद्यावर टाकू नका. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर निदान काम तरी ठरलं.

लेनला सांगावं लागलं.  म्हाताऱ्याने ओव्हन बंद केला, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत दारात आणली आणि तिथे बसून राहिला. एवढंच म्हणाला की मधे पेअरचं फळझाड आहे, रोवेनाच्या आईने लावलेलं, त्याचं मोठं मूळ तुटलं तर ते पडेल. तेवढं सांभाळा.

एमलिन पहार आणि फावडं घेऊन खणायला लागला. सदरा घामाने पाठीला चिकटला तरी तो थांबला नाही. मूळ लागलं की माती झाडायची, बघायचं, तोडायचं. रोवेना दोन हातांच्या अंतरावर, चढायचा पट्टा कमरेला बांधत, दोर तपासत उभी होती.  चर कमरेएवढा झाला तेव्हा मनगटाएवढं जाड एक मूळ लागलं, आडवं गेलेलं, पेअरच्या बुंध्याजवळून. पेअरचं असलं आणि तोडलं, तर पेअर जाणार. एल्मचं असलं आणि ठेवलं, तर उजवा एल्म जाणार.

एमलिनने हाताने माती पुसली. वास घेऊन पाहिला. त्याला कळत नव्हतं, हे त्याच्या मानेवरूनही दिसत होतं.

रोवेनाला उभ्या जागेवरून कळलं होतं. सालीचा रंग, गाठींची ठेवण, बघताक्षणी कळलं होतं. उत्तर जिभेवर तयार होतं. पण त्याच्याही आधी जिभेवर दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, दंडाबद्दल नाहीतर डोळ्यांबद्दल, आणि ते गिळण्यात तिचा वेळ गेला. तेवढ्यात एमलिनने चाकूने मुळाच्या सालीचा एक कपटा काढला, चरातून वर आला आणि चालायला लागला.

"मी इथे उभी आहे, एमलिन."

"दिसतेस ना," तो म्हणाला, आणि तिच्या अंगावरून पुढे गेला.

दारातल्या खुर्चीसमोर तो उकिडवा बसला. "लेन, हे कसलं आहे, सांगता?" लेनने कपटा तोंडात टाकला, चावला, जिभेवर घोळवला. बुळबुळीत लागलं असणार, एल्मची साल तशीच लागते. त्याने ती हातावर काढली, जावयाच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "एल्म आहे, बाळा. बरं झालं विचारलंस. तोड."

एमलिन आला तसाच परत गेला, तिच्याकडे न बघता, आणि करवतीने मूळ तोडलं. मग चरातून वर येऊन त्याने हात पुसले, तिच्या दोराचं टोक, खालून सांभाळायला, नेहमीसारखं हातात घेतलं आणि ती चढायची वाट बघत उभा राहिला. रोवेनाला त्याच्याशी भांडायचं होतं. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना, म्हणून ती मेलेल्या झाडावर चढली.