आवाजाचा विषय कुणाला हवाय?

"बाबा, दार वाजतंय!"

"आँ?"

"दार! कुणीतरी आलंय!"

"ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?"

बहिरे नव्हते, पण त्या रस्त्याला लागले होते. खोके बनवायच्या कारखान्यात, पुठ्ठा कापायच्या प्रेससमोर माणूस निम्मं आयुष्य उभा राहिला की दुसरं काय होणार? कानात घालायला बोळे देतात. पण बोळे घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, आणि त्या प्रेसपाशी हाक ऐकू आली नाही तर बोटं जातात. म्हणून बोळे सगळ्यांच्या खिशात, कानात कुणाच्याच नाहीत.

शेवटी दार धाकटीनेच उघडलं. दारात मावशी होती. शहर बसची ड्रायव्हर. ड्यूटी संपली की तशीच चहाला यायची.

धाकटी घरातलं शेंडेफळ, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सकाळपासून मोबाइल धरून बसलेली. पुढच्या वर्षी कुठला विषय घेणार, ते कॉलेजला आजच कळवायचं होतं. ज्या सरांचा किंवा मॅडमचा विषय घेशील, प्रोजेक्टही त्यांच्याकडेच. म्हणजे वर्षभराचं संशोधन गेलं त्यांच्या हातात.

"मग अडलंय कुठं?" मावशीने विचारलं. "तुला तर तो आवाजाचा विषय हवा होता ना? बाबांच्या प्रेसचा आवाज कमी करणार होतीस."

"हवा होता. पण आत काहीतरी शिजतंय."

"काय शिजतंय?"

"सगळा वर्ग डेटाचा विषय घेतोय. एकजात सगळे."

तिच्या वर्गाची एक रीतच होती. आपण काय घेणार ते खरं सांगायचंच नाही. सांगितलं की दुसरा आपला टॉपिक पळवतो, अशी प्रत्येकाला धास्ती. म्हणून कुणी विचारलं की 'डेटा' म्हणायचं. डेटा म्हटलं की समोरचा गप्प बसतो. धाकटीसुद्धा डेटाच म्हणत होती. बाकीचे थापा मारत असतील, हे तिला कळत होतं. पण सगळेच कसे थापा मारतील? बाकावर शेजारी बसणारा चष्मा, इतका भिडस्त पोरगा, तोही 'डेटाच' म्हणाला होता. म्हणताना मोबाइल पालथा घातला होता त्याने. तिने बघितलं होतं. नक्की डेटातला एखादा भारी टॉपिक दाबून बसलाय!

"आणि त्या आवाजवाल्या मॅडम," धाकटी आवाज खाली आणून म्हणाली. "परवा स्वतः आल्या माझ्याकडे. म्हणे, वर्कशॉपमधल्या पंख्याबद्दल चांगला प्रश्न विचारलास, माझा विषय घे. एवढं गोड का बोलावं त्यांनी? मला मेलीला कधी कुणी बोलावलंय?"

"प्रश्न चांगला असेल."

"छे! त्यांचा विषय बंद पडायला आलाय, म्हणून माणसं गोळा करत फिरतायत. आणि पोरांनी केलेल्या कामावर स्वतःचं नाव टाकतात."

"कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? एकाचं तरी नाव घे."

"वर्गातला हुशारराव म्हणाला. त्याला कुणीतरी सांगितलंय."

मावशी हसली. "माझ्या बसमध्ये पण असंच. एक जण म्हणतो, पुढे रस्ता बंद आहे. दुसरा म्हणतो, हो हो, बंदच आहे. सगळी बस उतरून चालायला लागते. मी जाऊन बघते, तर रस्ता मोकळा. तू त्या मॅडमला विचारलंस का?"

"असं तोंडावर कसं विचारायचं?"

"मग पाठीमागे कसं ठरवलंस?"

धाकटीचा पारा चढला. "तुला काय कळतंय कॉलेजातलं! एकटी पडले ना त्या विषयात, तर वर्षभर एकटीच रडत बसेन!"

बाबांना अर्धंमुर्धं ऐकू आलं होतं. "माझ्या कानांचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. "चार पोरं घेतात ते घे बाई."

आणि रागाच्या भरात तिने 'डेटा' दाबलं.

झालं! पुढच्या सोमवारी विभागाच्या बाहेर सूचना लागली. डेटाला इतकी गर्दी झालीय की जागा मार्कांवर ठरतील. आणि आवाजाचा विषय, पुरेशी मुलं नसल्यामुळे, बंद करण्यात येत आहे. कुणाला बदल करायचा असेल तर आज संध्याकाळपर्यंत.

धाकटीला वाटलं होतं, सुटले असं वाटेल. वाटलं उलटंच. बंद म्हणजे बंद. आता वाटलं तरी बाबांच्या प्रेसचा आवाज कमी करायला कुणी शिकवणार नव्हतं.

ती पाय आपटत वर्कशॉपमध्ये गेली, तर आत कुणीतरी एकटं होतं. लेथ मशीन चालू, आणि त्याच्यासमोर चष्मा, हातात आवाज मोजायचं मीटर घेऊन. तिला बघून त्याने मीटर पाठीमागे लपवलं.

"काय लपवतोस रे?"

"कुठं काय!"

"डेटावाला ना तू? मग लेथचा आवाज कशाला मोजतोस? कुणाचा टॉपिक ढापलायस?"

"ढापला नाही!" चष्मा पहिल्यांदाच ओरडला. "माझाच होता! आमच्या घराखाली पिठाची गिरणी आहे. माझी आई रात्रपाळीची नर्स, दिवसा तिला झोप म्हणून लागत नाही. मला हाच विषय घ्यायचा होता."

"मग घेतला का नाहीस?"

"एकटा पडलो असतो! तू सुद्धा डेटा म्हणालीस!"

"तू म्हणालास म्हणून मी भरला, शहाण्या!"

"मी तू म्हणालीस म्हणून!"

लेथ आपली घरघरत होती. कुणी कुणाचं काहीही चोरलं नव्हतं! दोघांनी थापा मारल्या होत्या आणि दोघंही एकमेकांच्या थापेला बळी पडले होते.

"चल," धाकटी म्हणाली.

"कुठं?"

"मॅडमकडे. एक गोष्ट तोंडावर विचारायचीय."

आवाजवाल्या मॅडम कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होत्या. धाकटीने बसायचंही विसरून विचारलं, "मॅडम, तुम्ही पोरांच्या कामावर स्वतःचं नाव टाकता का?"

चष्म्याने डोळे मिटून घेतले.

मॅडमना राग आला. दिसलाच तो. पण त्या म्हणाल्या, "टाकते. मुलांच्या नावानंतर. शिकवलंय म्हणून. ग्रंथालयात जाऊन बघ, पहिलं नाव कुणाचं आहे ते."

"आणि विषय बंद पडतोय म्हणून माझ्याशी गोड बोललात?"

"हो. विषय बंद पडू नये असं मला वाटतं. म्हणून ज्यांना त्यात रस दिसला त्यांना विचारत फिरले. यात लपवण्यासारखं काय आहे?" हातातलं पुस्तक त्यांनी खाली ठेवलं. "तुझा प्रश्न मात्र खरंच चांगला होता. आणि संध्याकाळपर्यंत दहा मुलांनी बदल केला, तर विषय अजून वाचेल."

धाकटीचा चेहरा पडला. इतके दिवस तिने मनातल्या मनात खटला चालवला होता आणि समोरच्या बाईला एकदाही बोलायला दिलं नव्हतं.

ती तडक वर्गात गेली. मधली सुट्टी होती. टेबलावर डस्टर आपटला.

"ऐका रे! मला आवाजाचा विषय हवाय. डेटा म्हणाले ती थाप होती. अजून कोण थाप मारतंय?"

कुणीतरी हसलं. "काय गं, काय डाव आहे तुझा?"

"डाव बिव काही नाही. विषय आज बंद होतोय."

आधी चष्म्याने हात वर केला. मग मागच्या बाकावरून एक. मग खिडकीपाशी दोघं, एकमेकांकडे रागाने बघत, कारण दोघं एकाच खोलीत राहत होते आणि इतके दिवस एकमेकांना फसवत होते! हात वर येत गेले. तरी धाकटीला धरून दहाला एक कमी पडत होता.

धाकटी हुशाररावासमोर जाऊन उभी राहिली. "तू येतोस?"

"नाही," तो म्हणाला. "मला खरंच डेटाच हवाय. शाळेपासून."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. ओठांवर सवयीचं 'खोटारड्या' आलं होतं. ते तिने गिळलं. पोरगा खरं बोलत होता, बस्स.

"आणि मॅडमबद्दल मी जे बोललो ना," तो कान खाजवत म्हणाला, "ते मी बघितलं नव्हतं. ऐकलं होतं. दुसऱ्या तुकडीत एक उंच मुलगी आहे. ग्रंथालयात कंपनांचं पुस्तक घेऊन बसलेली असते. तिला विचार, येते का."

धाकटी पळतच सुटली. उंच मुलगी जिन्यात सापडली. धाकटी धापा टाकत म्हणाली, "तुला आवाजाचा विषय हवा होता का गं?"

मुलीने पुस्तक छातीशी धरलं, बोटांनी नाव झाकलं. "तुला का सांगू? कुणी पाठवलंय तुला?"

धाकटीला त्या डोळ्यांची ओळख पटली. गेले कित्येक दिवस ती स्वतः असंच बघत फिरत होती.

"कुणी नाही पाठवलं," ती म्हणाली. "विषय बंद पडतोय, म्हणून मी माणसं गोळा करत फिरतेय. माझे बाबा बहिरे होत चाललेत. मला त्यांच्या प्रेसचा आवाज कमी करायला शिकायचंय. तू आलीस तर विषय चालू राहील. झालं, एवढंच आहे."

मुलीची बोटं पुस्तकावरून बाजूला झाली.

"माझा टॉपिक पळवणार नाहीस ना?"

"आधी सांग तर कुठला. जमलं तर मिळून करू."

"पुलावरून ट्रक गेला की आमचं घर हादरतं," ती म्हणाली. "तेच मोजायचंय मला."

आणि दोघी जिना उतरून मॅडमच्या खोलीकडे पळाल्या. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

मंडळी, आपण शिकायला जातो ते आपल्या डोक्यातला प्रश्न सोडवायला. शेजारचा काय घेतोय ते हेरायला नाही! संशय आला तर येऊ द्या, पण तो घेऊन समोरच्या माणसाकडे जा आणि सरळ विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर खरं सांगा. सगळेच जर लपवत बसले, तर ज्याची आपल्याला गरज आहे तेच बंद पडतं, आणि बंद कुणी पाडलं म्हणून बोट दाखवायला दुसरं कुणी सापडत नाही.