हाकेला ओ देणारं व्हायोलिन

जुन्या वाद्यांच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तरी टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. टेबलावर दुकानातलंच एक व्हायोलिन. समोर डोळे मिटून वहिनी.

"आधी माझ्या सुरात सूर मिसळा, ताई," दुकानदाराने लांब सूर धरला. "हं, आता मारा हाक!"

"अहोऽऽऽ!"

वहिनी थांबली, आणि कोणाचा हात लागलेला नसताना व्हायोलिन बारीक गुणगुणलं. गर्दीतून हुंदका आला.

"ओळखलं हो त्यांनी!" दुकानदार गहिवरला. "तुमचं कोण गेलं, हे मी काही विचारलं होतं? लाकडात उतरायला पुण्याईच लागते!"

विचारायचं कशाला? उंबऱ्यातच वहिनीने सगळं सांगून टाकलं होतं. नवरा गेला, त्याच्या व्हायोलिनच्या किरकिरीला वैतागून तिनेच ते भंगारात घातलं होतं, आता तो सल झोपू देत नाही.

"आत्म्याचे पैसे मी घेत नाही. व्हायोलिन घेऊन जा, त्याबदली ते शिलाई मशीन ठेवून जा."

मोबदल्यात द्यायला वहिनीने ढकलत आणलेलं मशीन दारातच उभं होतं. त्याच्यावरच तर घरातली चूल पेटत होती.

कोपऱ्यात उभ्या नणंदेला ती गुणगुण ओळखीची वाटली. रोज पहाटे ती देवापुढे भजन म्हणे, तेव्हा एका ठरावीक सुराला फळीवरचं पितळी ताट झणझणे. बाकीच्या सुरांना मख्ख. तिने त्या ताटाला कधी नमस्कार केला नव्हता.

"मी एक हाक मारू?" तिने हळूच विचारलं.

"मारा की! तुमचे कोण ते?"

"भाऊ." तिने तोच सूर धरला. "कांदेऽऽऽ!"

व्हायोलिन गुणगुणलं.

"बटाटेऽऽऽ!"

पुन्हा गुणगुणलं. कोणीतरी फिसकन हसलं. मग तिने सूर बदलला. "दादाऽऽऽ!"

चिडीचूप.

"बघा, सख्ख्या बहिणीची ओळख नाही, आणि कांद्याला ओ!"

"बाई, पाप लागेल!" दुकानदार ओरडला.

"आज उपास आहे माझा, त्यातून वजा करा."

तिने कागदाचा कपटा दुमडून तारेवर ठेवला आणि पहिला सूर लावला. कपटा टुणकन उडाला. "तार ज्या सुरात लावलेली, तोच सूर जवळ गायला की हवेच्या हेलकाव्याने ती कापते. म्हणून यांना आधी सुरात सूर हवा असतो."

वहिनी पुढे आली. "वन्सं, म्हणजे हे... नव्हतेच?"

"अहो वहिनी, दादाला जन्मात एक सूर धड लागला नाही. मेल्यावर रियाज केला होय?"

रडता रडता वहिनीला हसू फुटलं. मशीन दोघींनी मिळून ढकलत घरी नेलं.

वाटेत वहिनी म्हणाली, "तुम्ही तर रोज देवाला हाक मारता. तो ओ देतो?"

"अजून तरी नाही. आणि दिलीच, तर आधी ताट बघेन."

भक्ती खुशाल करावी. पण आपल्या दुःखाला कोणी फुकट ओ देऊ लागलं, तर घरातलं मशीन उचलण्याआधी एकदा 'कांदे' म्हणून पाहावं.