पूर्णिमाची खिरापत

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. तीस वर्षं नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या तीस वर्षांत एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा बोलले, "फळ्याकडे बघून काढा, मनाचं काढू नका." निवृत्त झाल्यावर अवधूतने, माझ्या मुलाने, मला हडपसरच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. तो आणि सून, दोघंही आयटीत. देह हडपसरला, घड्याळ अमेरिकेचं. त्यामुळे घरात बोलायला मी आणि माझी दहा वर्षांची नात ओवी, दोघीच.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या नवरात्रातली. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांनी बोर्डावर नोटीस लावली, नऊ दिवस दांडिया, मोठे स्पीकर. लहान मुलींचं काय, तर काही नाही. त्यांनी कानात बोळे घालून कडेला उभं राहायचं. मी तडक त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, मला रोज संध्याकाळी पाच ते सहा बाग पाहिजे, मुलींचा भोंडला करायचाय.

"भोंडला म्हणजे काय असतं हो?"

"अहो, पुण्यात राहता ना?"

"हडपसरला."

"मग बरोबर आहे," म्हटलं आणि बाग घेतली.

त्यांना सांगितलं तेच इथेही सांगते. पाटावर हत्तीचं चित्र काढायचं, पाट मध्ये ठेवायचा, मुलींनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची. गाणी संपली की खिरापत, म्हणजे खाऊ. पण तो लगेच मिळत नाही. डबा झाकलेला असतो, आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं आणि जिची खिरापत तिने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. कोणालाच ओळखता आली नाही, तर त्या दिवशी ती मुलगी राणी. मी त्यात दोन नियम माझे घातले. हत्ती रोज वेगळी मुलगी काढणार, आणि खिरापत जिची तिनेच केलेली हवी. मदत घ्या, पण हात तुमचे. बेकरीतली तर अजिबात चालणार नाही.

पहिल्याच दिवशी एकीच्या आईने पिझ्झा मागवला. खोका फाटकातून आत येतानाच सगळ्यांनी ओळखला. मी तो परत पाठवला. त्या आई माझ्याशी अजून बोलत नाहीत, मजेत आहोत दोघी.

आमच्याकडे पोळ्या करायला इंदुबाई यायच्या. जूनमध्येच पुसदकडून आलेल्या. नवरा महिपती इथल्या कारखान्यात, राहायला भिंतीपलीकडच्या गावठाणात एक खोली. त्यांची अकरा वर्षांची पूर्णिमा त्या दिवशी आईबरोबर आली आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मी नाव विचारलं.

"मले पूर्णिमा म्हणतात," ती म्हणाली.

आणि मी, पेठेतली बाई, माझी जीभ कुठली गप्प बसायला? "मले नाही गं, मला. म्हण बघू पुन्हा." तीन वेळा म्हणायला लावलं. चौदा मुली फिदीफिदी हसल्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पूर्णिमा त्यानंतर रोज यायची, फेर धरायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. मला वाटलं, असेल लाजरी.

तिसऱ्या दिवशी महिपती दारात आला. चप्पल बाहेर काढून, आत न येता.

"बाई, एक इचाराचं होतं. पूर्णी तुमच्याकडं तरी बोलते का?"

"नाही हो. का?"

"शाळेतबी नाई बोलत. जूनपासून एक शब्द नाई. मॅडम म्हणते, हिले काही आजार हाय का? घरी तं तिचं तोंड बंद राहत नाई. तिकडच्या शाळेत भाषणात पयला नंबर होता तिचा. इथं बोललं का पोरी हासतात, म्हून गप्प. दसऱ्यापर्यंत पायतो. नाई बोलली तं पुसदले आजीपाशी पाठवून देतो. इथं ठेवून मुकी करू काय पोरीले?"

"तिचं काय म्हणणं?"

"तिले जायाचं नाई. मायले सोडून कशी राहू म्हणते. पण बाहेर तोंडच उघडत नाई, मंग मी तरी काय करू?"

तो गेला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. इंदुबाई खाली मान घालून पोळ्या लाटत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेतल्या पोरी हसल्या त्या लहान होत्या. मी तर बासष्ट वर्षांची घोडी.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमाला बाजूला घेऊन म्हटलं, "बाळ, माझं चुकलं. तुझं बोलणं बरोबर होतं, मीच आगाऊपणा केला." ती नुसती बघत राहिली. मग माझ्या लक्षात आलं, चूक चौदाजणींसमोर केली आणि माफी कोपऱ्यात मागतेय. शहाणीच आहे मी! तिला हाताला धरून फेरात नेलं आणि तेच सगळं मोठ्याने बोलले. मुलींची तोंडं उघडीच राहिली. आजी चुकते हे त्यांना नवीन होतं. ओवी म्हणाली, "आजी, तू सॉरी म्हणालीस? बाबांना सांगू?" म्हटलं, सांग, ई-मेल पाठव.

पूर्णिमा तरीही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी खडू पुढे केला तेव्हा तिने तो घेतला. पाटावर अर्धा तास ओणवी होती. उठली तेव्हा मी पाहिलं, तर भलंमोठं गोल धूड, खाली दोन खांब, मध्ये एक बारीक शेपूट. सोंड नाही, डोळे नाहीत, काही नाही.

"अगं, हा हत्ती की गव्हाचं पोतं?" हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. देवीशप्पथ सांगते, गिळलं.

इंदुबाई कडेला उभ्या होत्या, त्या हसत म्हणाल्या, "कात्रजले प्राणी पाहाले नेलं होतं ना तिले. हत्ती सारा वेळ पाठ करून उभा होता. तिनं तसाच काढला."

मुली एकदम ओरडल्या, "मागून हत्ती! मागून हत्ती!" त्या दिवशी फेर धरून जी नाचली ती पलटण! आणि पाटाच्या मागच्या बाजूला आलं की हत्तीचं तोंड दिसतंय असं समजून नमस्कार करायचा, असं कोणीतरी ठरवलं. ओवीने तिथल्या तिथे गाणं रचलं,

हत्तीवर बसून ऑफिसात गेले,
लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने नेले!

पूर्णिमा हसली. दात दिसतील इतकी. तीस वर्षं मी मुलींना फळ्यावरचा हत्ती काढायला लावला, त्यात माझ्या हातून असे किती हत्ती मेले असतील कोण जाणे. मला वाईट वाटलं, पण त्या गलक्यात वाईट वाटून घ्यायलाही फुरसत नव्हती.

मग नवमीची खिरापत कोण आणणार असं विचारलं, तर एकच हात वर आला. पूर्णिमाचा.

खिरापत आणायची म्हणजे हो-नाही म्हणायला हवं. आणि नवमीनंतर दसराच. चौदाजणींसमोर ती उभी राहिली आणि तोंडच उघडलं नाही तर? मी म्हटलं, "तुझ्या वतीने ओवी उत्तरं देईल, चालेल?" तिने जोरात मान हलवली. नाही चालणार.

नवमीच्या दुपारी ओवी माझ्याकडे आली. "आजी, स्वेटरच्या सुया दे. दोन. धुऊन."

"खायच्या आहेत का?"

"विचारू नकोस ना गं," म्हणाली आणि सुया घेऊन गावठाणाकडे पळाली. दोन तासांनी परत आली ती कोपरापर्यंत कणकेने माखलेली. म्हणजे हिला आतलं सगळं ठाऊक झालं होतं. आता ओवीचं सांगते. आठ दिवसांत सहा खिरापती तिने ओळखल्या होत्या. डबा हलवून, वास घेऊन, आवाजावरून. हरणं तिला सोसत नाही, माझ्यावरच गेलीय. ही पहिल्याच फटक्यात ओरडली तर संपलं सगळं.

संध्याकाळी गाणी झाली. पूर्णिमा स्टीलचा डबा छातीशी धरून पाटाजवळ उभी राहिली. फाटकाशी महिपती होता, पहिल्या पाळीहून थेट आलेला, जेवणाची पिशवी अजून खांद्यालाच.

"शिरा!" कोणीतरी ओरडलं.

पूर्णिमा गप्प. डबा गच्च धरलेला. सगळ्या वाट बघतायत. मी देवीला म्हटलं, बाई गं, माझ्या जिभेचं पाप या लेकरावर नको.

तिचे ओठ हलले. "नाई."

"ऐकू आलं नाही!" ओवी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "आम्ही कसं ओळखायचं मग? मोठ्याने!"

"नाई!"

"चकली!"

"नाई!"

"शंकरपाळे! कडबोळी! चिवडा!"

"नाई! नाई! नाई!"

"गोड आहे?"

"हाव!"

कोणी हसलं नाही. कोणाला सवडच नव्हती. डबा हलवून झाला, वास घेऊन झाला. जिलबी, लाडू, शेवया, केक. पूर्णिमा आता टाचांवर उड्या मारत होती आणि दर नाई आधीपेक्षा वरच्या पट्टीत. पिझ्झावालीच्या मुलीने "मॅकरोनी!" म्हटलं, तर ती हसता हसता खालीच बसली. "नाई वो, नाई!"

आणि आमची ओवी? दोन्ही तळहात तोंडावर दाबून उभी. कान लाल झालेले. एकीने तिला डिवचलं, "काय गं चॅम्पियन, आज अडली का?" ओवीने हात काढले, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "भजी?"

गोड खिरापतीला भजी! सगळ्या तिच्यावर खो खो हसल्या. माझी नात, हरायचं नाव काढलं तरी फुरंगटणारी, चारचौघींत मुद्दाम बावळट ठरली आणि उभी राहिली. मला तिला तिथेच उचलून घ्यावंसं वाटलं, पण दहा वर्षांची घोडी, कंबर गेली असती माझी.

"हरलो!" शेवटी सगळ्या म्हणाल्या.

पूर्णिमाने झाकण काढलं. आत तुपात आणि पिठीसाखरेत घोळवलेल्या पांढऱ्याशुभ्र गुंडाळ्या, स्प्रिंगसारखे वेढे असलेल्या. मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

"सरगुंडे!" ती म्हणाली. आणि मग जी सुटली! "कणीक घट्ट भिजवाची. मंग बारीक वळी कराची, लांबच्या लांब. ते काडीवर गुंडाळाची, अशी, अशी, अन् काडी हळूच ओढून घ्याची. इथं काडी भेटली नाई तं सुयांवर केले. मंग वाफवाचे. माही आजी एका बैठकीत शंभर करते. आमच्याकडं आमरसासंग खातात, पण आता आंबे नाईत ना, म्हून साखर. अन् यातले वाकडे हायेत ना, ते ओवीचे."

"म्हणजे तुला माहीत होतं?" बाकीच्या ओवीवर तुटून पडल्या. ओवी तोंडात दोन सरगुंडे कोंबून म्हणाली, "मला ऐकू येत नाही."

या गोंधळात महिपती जवळ आला. मुलीकडे बघत होता, पण इतके दिवस मनाशी ठरवलेलं बोलणंच सवयीने तोंडातून निघालं.

"चाल पूर्णे, सामान भराचं हाय. परवाच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलं ना मी?"

पूर्णिमा वळली. डबा हातात, गालाला साखर.

"नाई."

मुलींना वाटलं खेळ अजून चालूच आहे. त्या टाळ्या पिटायला लागल्या. महिपतीने मान जरा पुढे केली.

"काय म्हणली?"

"नाई. मी जात नाई, बाबा. दसरा झाला का शाळेत जातो मी. मॅडमले माह्यासंग बोलाचं आसन तं बोलन मी." तिने गालाची साखर मनगटाने पुसली. "जे हासन ते हासन."

टाळ्या थांबल्या. श्यामसुंदर स्पीकरची वायर घेऊन कधीचे खोळंबले होते, तेही थांबले.

महिपतीने खिशातून मोबाइल काढला, पुसदला शेजाऱ्यांच्या नंबरावर लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला.

"हाव, माय. नाई, पूर्णी येत नाई तिकडं," महिपती म्हणाला. डोळे त्याने शर्टाच्या बाहीला पुसले. "मी नाई वो म्हणत. तीच म्हणून राहिली. थांब, तुले आयकवतो."

आणि त्याने फोन तिच्या तोंडापुढे धरला.