मडिवाळप्पांचे ठिपके

औशाच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर मेंदूमहाराज, मागं मोठा पडदा, पुढं खुर्चीत मडिवाळप्पा. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. डोक्यावर वायरांची टोपी चढवलेली.

"मारा हाक, माउली! जीभ मुकी, मन न्हाई!"

"अवो, ऐकलंत का?" त्यांच्या पत्नी शिवगंगाबाईंनी हाक मारली. पडदा ठिपक्यांनी गच्च भरला.

"एकेक ठिपका म्हणजे मेंदूतल्या एकेका पेशीचा हुंकार!" महाराज गरजले. वर्षभर भिंतींशी बोललेली ती बाई ओक्साबोक्शी रडली.

महाराजांनी ठिपक्यांचा छापील कागद दिला आणि बजावलं, "हातापायांचे व्यायाम बंद. मेंदूच्या लहरी मोडतात." लहरी म्हणे! पण लातूरला व्यायामाला नेणं त्याच दिवशी थांबलं.

बाई रोज तेच ठिपके रांगोळीनं दारात काढू लागल्या. घरात दुसरं बोलणारं होतंच कोण?

एका सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या कमलम्मा दारात थबकल्या. त्यांचा मुलगा संगमेश अपघातापासून बोलत नव्हता. तोही त्या खुर्चीत बसून आला होता.

"अगं, हे तर माझ्या संगमेशचं बोलणं!"

"काय बोलताय, अक्का? आमच्या ह्यांचं हाय ते."

कमलम्मांनी घरून आपला कागद आणला. दोन्ही कागद एकावर एक उन्हात धरले. ठिपक्यावर ठिपका बसला. शिवगंगाबाईंनी लगेच वर्षाराणीला फोन लावला.

पुतणी वर्षाराणी नांदेडला संगणकशास्त्र शिकत होती. सोमवारी महाराजांच्या भर दरबारात काका पुन्हा खुर्चीत बसले, तेव्हा तिनं त्यांची टोपी काढली. ठिपके येतच राहिले! टोपीच्या वायरीचं टोक टेबलाखाली नुसतंच लोंबत होतं.

"या संगणकातल्या खोट्या पेशी आहेत," ती म्हणाली. "हाक आली की यांचा माणूस कळ दाबतो, ठिपके दाट होतात. संगणक ज्या आकड्यावरून ठिपके मांडतो, तो तोच ठेवला की चित्रही तेच येतं. तेवढा बदलायचाही महाराजांना कंटाळा!"

मागून कुणीतरी ओरडलं, "असू द्या की! बाईला समाधान तर मिळालं!"

शिवगंगाबाई ताडकन उठल्या. "समाधान माझं, अन् बोटं ह्यांची आखडली! बायांनो, उत्तर येत नसंल तर येत न्हाई म्हणा. रडा. पण कुणाचं खोटं उत्तर घरी नेऊ नका. डॉक्टराला इचारा."

घरी आल्यावर त्यांनी रांगोळी पुसली. घर आता पहिल्यापेक्षाही मुकं वाटत होतं.

"म्हंजी हे कायबी बोलले न्हाईत?"

"मला ठाऊक नाही, काकू," वर्षाराणी म्हणाली. "ते यंत्र बोललं नाही, एवढंच ठाऊक आहे."

बाईंनी नवऱ्याचा हात मांडीवर घेतला.

"अवो, ऐकलंत का?"

उत्तर आलं नाही. त्यांनी आखडलेलं पहिलं बोट हळूच सरळ केलं, मग दुसरं.